विशेष बाब

मुक्कामाची गाडी बंद होणार, हे मला तिच्या वाहकाने सांगितले. तो गाडीच्या पायरीवर तंबाखू मळत बसला होता.

"सर, आता आमच्या जेवणाचा ताप वाचला तुमचा."

आमची वाडी औंधच्या पलीकडे, माळावर आहे. सरकारी लाल गाडी संध्याकाळी येई, देवळापुढे मुक्कामाला राही आणि पहाटे औंध, रहिमतपूर करत साताऱ्याला जाई. चालक-वाहकांना जेवण देण्याची घराघराला पाळी होती. ती कोणी लिहून दिली नव्हती आणि कोणी चुकवलीही नव्हती.

मी कारण विचारले.

"भारमान न्हाई. खालच्या गावाला गाडी पायजे. हितली तिकडं जाणार."

जागांच्या मानाने माणसे किती बसतात, त्याला त्यांच्या खात्यात भारमान म्हणतात. आमच्या गाडीत पहाटे मोजकी माणसे चढत. त्यांत माझी वहिनी असे.

वहिनीची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. आठवड्यातून दोनदा साताऱ्यातल्या एका रुग्णालयात यंत्रावर तिचे रक्त शुद्ध करून घ्यावे लागे. तिला सकाळची पहिली वेळ दिलेली होती. ती चुकली की यंत्र दुसऱ्या रुग्णाला मिळे. तोही बाहेर वाट पाहतच असे. वाडीतून ही वेळ गाठून देणारी एकच गाडी होती. भाऊ वारला आहे. त्यांना मूलबाळ नाही. मी विधुर आहे. आमची घरे दोन, पण चूल एक.

मी सांगलीला, विश्रामबागेतल्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवले. संस्था विनाअनुदानित होती, त्यामुळे मला निवृत्तिवेतन नाही. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. आठवड्यातून दोनदा भाड्याची जीप का केली नाही, असा प्रश्न वाचकाला पडेल, म्हणून लिहिले.

न्याय हा माझा विषय. दरवर्षी पहिल्या तासाला मी वर्गाला एक काम देत असे. गावात पाणी थोडे आहे, माणसे पुष्कळ आहेत; वाटपाचा नियम करा. मात्र तुमचे घर टाकीजवळ आहे की शेवटच्या टोकाला, हे तुम्हाला सांगितले जाणार नाही. मुले हसत, मग वह्या उघडत. बहुतेक जण शेवटच्या टोकाचा विचार करून नियम करीत. आपण तिथे निघालो तर काय, ही भीती त्यांना नीट विचार करायला लावी. मी फळ्यावर लिहीत असे की धोरणाची परीक्षा त्याने किती जणांचे भले केले यावर होत नाही, त्याने सर्वांत मागे राहिलेल्याचे काय केले यावर होते. वर्षानुवर्षे हे वाक्य पुसले आणि पुन्हा लिहिले. ते कोणा माणसावर वापरून पाहण्याची वेळ मात्र माझ्यावर आली नव्हती.

मी निवेदन लिहिले. गाडीचे मोल तिच्यात बसलेल्यांच्या संख्येवर ठरवू नये. ती नसेल तर कोणापाशी काय उरते, यावर ठरवावे. आमच्या वाडीतल्या इतरांची गैरसोय होईल. एका व्यक्तीचा मात्र जगण्याचा मार्ग बंद होईल. गैरसोय आणि जीव यांची बेरीज एकाच रकान्यात करता येत नाही. निवेदनाचा गाभा एवढाच होता. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला आणि साताऱ्याच्या कार्यालयात गेलो.

वाहतुकीचे काम पाहणाऱ्या अधिकारी साधारण चाळिशीच्या बाई होत्या. त्यांनी निवेदन शेवटपर्यंत वाचले. असे फार जण करीत नाहीत.

"सर, हे सगळं मी स्पर्धा परीक्षेत लिहिलंय. नीतिशास्त्राच्या पेपरात. मार्कही बरे पडले होते."

"मग ते खरे आहे असे तुम्हाला वाटत असेल."

"पेपरात वाटलं होतं." त्या हसल्या नाहीत. "खालच्या गावच्या मुली रोज थांब्यावर उभ्या असतात. येणारी गाडी आधीच भरून येते. निम्म्या मुली मागं राहतात. दोघी-तिघींनी कॉलेज सोडलं, घरच्यांनी लग्न ठरवलं. त्यांचं काय लिहू मी?"

प्रश्न योग्य होता. मुलींचे नुकसान गैरसोयीच्या रकान्यात ढकलता येत नव्हते. पण ते भरून काढायला एखादे वर्ष हाती होते. वहिनीच्या हाती आठवडाही नव्हता. मी तसे म्हणालो.

बाई पेन टेबलावर आपटत राहिल्या. मग त्यांनी कागदाच्या कडेला शेरा लिहिला आणि मला वाचून दाखवला. एका रुग्णाच्या उपचारांसाठी ही फेरी आवश्यक आहे. भारमान कमी असले तरी विशेष बाब म्हणून ती चालू ठेवावी. खालच्या गावासाठी वेगळी गाडी मागावी.

"वर पाठवते. पुढच्या आठवड्यात या फेरीचं भारमान तपासतील. ते कमीच येईल. येऊ दे. आपला मुद्दाच तो आहे, की कमी असूनही ही गाडी हवी. कळलं ना, सर?"

मला कळले होते. गाडी रिकामी असणे हाच आमचा पुरावा होता.

वाडीत परतलो तेव्हा देवळापुढे माणसे जमली होती. मध्ये सुभेदार उभे होते. ते सैन्यातून निवृत्त झालेले आहेत. वाडीत काहीही उभे करायचे असले की तेच करतात, आणि नीट करतात.

"सर, बरं झालं आला. प्लॅन तयार हाय. चेकिंगच्या आठवड्यात रोज प्रत्येक घरातलं एक माणूस गाडीत. जेवणाची पाळी हाय तशीच ही पाळी. पहाटं देवळापुढं फॉल-इन. साताऱ्यापातुर जायचं आन् तीच गाडी औंधला परत येती, तिनं माघारी. फौजेत एक शिकलो मी, जिथं नफरी, म्हंजी माणसं, कमी, तिथनं चौकी उठती."

"गर्दी करू नका," मी म्हणालो. "आपली बाजू गर्दी नसण्यावर उभी आहे."

कोणीतरी मागून बोलले, "म्हंजी गाडी रिकामी ठिऊन गाडी वाचवायची? सर, ह्ये सांगलीत शिकवत हुता व्हय?"

सगळे हसले. मी समजावून सांगितले. शेरा काय आहे, कोणी लिहिला, त्याचा अर्थ काय. मी वर्गात बोललो असतो तसाच बोललो, आणि तिथेच चुकले असावे. शेजारची म्हातारी पदर सावरत पुढे आली.

"आवं सर, रस्ता कवा झाला? मोर्चा न्हेला तवा. टाकी कवा आली? घागरी घिऊन समद्या बाया हापिसाफुडं बसल्या तवा. एकट्यानं जाऊन आजवर ह्या वाडीला काय मिळालंय, सांगा की."

ते खरे होते. या वाडीला जे जे मिळाले ते डोकी दाखवून मिळाले. एका माणसासाठी सरकार काही करील, हे त्यांनी कधी पाहिलेले नव्हते. मी ते पुस्तकांत पाहिले होते. दोन्हींपैकी कशावर विश्वास ठेवायचा, हे त्यांना ठरवायचे होते आणि त्यांनी ते ठरवले.

मी वहिनीकडे गेलो. तिने नाही म्हटले असते तर सगळे थांबले असते. ती उंबऱ्यावर सुजलेले पाय पसरून बसली होती.

"भावजी, माणसं माझ्यापायी पहाटंची उठनार हायती. कामधंदा सोडून. त्यास्नी नगं कसं म्हनू?"

"ते तुझ्याच मुळावर येईल."

"आलं तर येऊ द्या. पर त्येंनी केलं न्हाई, आसं तर व्हनार न्हाई."

यावर माझ्याकडे युक्तिवाद होता. मी तो केला नाही. तिला जे मिळत होते ते मी देऊ शकणार नव्हतो.

तो आठवडा वाडीला सणासारखा गेला. पहाटे देवळापुढे रांग लागे. सुभेदार हजेरी घेत. टोप्या, लुगडी, डबे. गाडी औंधला पोहोचण्याआधीच उभ्याला जागा नसे. वाहक यंत्रातून तिकिटे काढून थकला.

"काय गाववाले, साताऱ्यात लगीनबिगीन हाय काय?"

"हाय की. तुमचंच. पोरगी बघाय निगालोय."

"आन् रोज बघताय व्हय?"

"पसंत पडंना की गड्या. पोरीला तुमी."

वहिनीला खिडकीची जागा राखलेली असे. तिच्या मांडीवर कोणी भुईमुगाच्या शेंगा ठेवी. त्या तिला चालत नसत, ती नुसती सोलून इतरांना वाटे. ती हसत होती. आजार सुरू झाल्यापासून इतके हसताना मी तिला पाहिले नव्हते. साताऱ्याच्या स्थानकात माणसे चहा पिऊन बाकांवर बसून राहत आणि परतीच्या गाडीत चढत. वहिनी दुपारी नंतरच्या गाडीने औंधपर्यंत येई. तिथे कोणीतरी बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर घेऊन उभे असे. उपचाराच्या दोन्ही दिवशी मी तिच्याबरोबर होतो. गाडीतल्या प्रत्येक नव्या माणसागणिक आमचे कारण हलके होत आहे, हे मला दिसत होते. मी खिडकीबाहेर पाहत बसे.

पुढे बोलावणे आले नाही. मीच साताऱ्याच्या कार्यालयात गेलो. बाईंनी मला बसायला सांगितले नाही. विसरल्या असाव्यात.

"सर, तुम्ही म्हणालात एकच माणूस आहे. मी तसं लिहिलं, सही केली. आठवडाभर तुमच्या वाडीतून गाडी भरून आली. वरिष्ठांनी मला विचारलं, 'ही तुमची विशेष बाब कुठे आहे?' फेरीला एवढी माणसं असतील तर ती विशेष बाब नाही. ती साधी फेरी. मग आकड्यासमोर आकडा ठेवला गेला. खालचं गाव मोठं आहे. त्यांचा आकडा मोठा निघाला."

"आमची गर्दी खोटी होती."

"मला माहीत आहे. तिकिटाच्या यंत्रात दिसतं. जाणारे जेवढे, परत येणारे तेवढेच, मध्ये पाऊण तास." त्यांनी हात टेबलावर ठेवले. "तसं वर कळवू का? मग वाडीनं खात्याची दिशाभूल केली, असा कागद होईल. त्या कागदाखाली तुमच्या वहिनींचा दाखला कोण वाचेल?"

"खरी बाजू खोट्या गर्दीत बसली, म्हणून ती खोटी होत नाही."

"होत नाही, सर. पण मला ती आता वेगळी काढून दाखवता येत नाही. आधी येत होती."

त्यांच्या आवाजात राग होता. तो वाडीवर होता, वरिष्ठांवर होता की स्वतःवर, हे मी ठरवू शकलो नाही. त्यांनी शक्य होते ते केले होते. मीही केले होते. वाडीनेही केले होते. एवढ्या सगळ्यांनी आपले काम चोख करून एका माणसाचा रस्ता बंद केला.

गाडी गेली. एकदा औंधहून येताना मी ती खालच्या गावच्या थांब्यावर पाहिली. मुली रांगेने चढत होत्या. मागे कोणी राहिले नाही. मला त्यांचा राग यावा म्हणून मी थोडा वेळ तिथे उभा राहिलो. आला नाही.

आता वडाप उरले. वडाप म्हणजे भाड्याची सामायिक जीप; ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि आमच्या माळावर ती भरायला सूर्य वर यावा लागतो. वहिनी पहिल्याच खेपेला उशिरा पोहोचली. परिचारिकेने यंत्राकडे बोट दाखवले. त्यावर एक तरुण होता. वहिनी संध्याकाळपर्यंत बाकावर बसली. जागा झाली नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले की असे पुन्हा चालणार नाही. मी म्हणालो की मला ठाऊक आहे.

सुभेदार घरी आले. ते कधी मान खाली घालत नाहीत. त्या दिवशी त्यांनी घातली.

"सर, चूक झाली."

मी त्यांना ओट्यावर बसवले.

"मोटरसायकलची पाळी लावतो. पोरं पहाटं वहिनीला औंधला सोडतील, तिथनं पहिली गाडी गावती. दुपारी आणाय जातील."

त्यांनी ती लावली. ती चाललीही. तरुण मुले पहाटे दारात उभी राहत, तक्रार न करता. वहिनी मात्र बदलली. गाडीला ती आमची गाडी म्हणे. उशीर झाला की चालकाला चार शब्द सुनावी. मोटारसायकलवाल्याला ती चहा पाजी, बिस्किटे देई, पुन्हा पुन्हा विचारी की तुझ्या कामाचा खोळंबा तर झाला नाही ना. एकदा तिला ताप होता. तरी पाळीवाला मुलगा आला आहे म्हणून ती निघाली.

"गाडीला हात केला की थांबायची," ती मला म्हणाली. "आता दर खेपंला कुनाच्या तरी दारात हात पसरल्यागत वाटतंय, भावजी."

हक्क आणि उपकार यांतला फरक मी अनेक वर्षे शिकवला होता. इतका स्पष्ट मी तो कधी सांगितला नसेन. हक्क असलेल्याला आभार मानावे लागत नाहीत. वाडीने तिला सगळे काही दिले. फक्त आभार न मानण्याची मुभा देणे वाडीच्या हातात नव्हते. ती धोरणाच्या हातात होती.

यंत्रावरून उठल्यावर तिला भोवळ येत असे. एका दुपारी, औंधहून परत येताना, माळाच्या चढावर ती मागच्या मागे घसरली. मुलाचा दोष नव्हता. तो सावकाश चालवत होता. ती डाव्या हातावर पडली. त्याच हातात शस्त्रक्रिया करून शीर जोडलेली होती. यंत्राची सुई तिथे टोचत. नीट चालू असेल तेव्हा त्या शिरेला बोट लावले की आत रक्ताची थरथर लागते. तिने रस्त्यावर बसल्या बसल्या बोट लावून पाहिले. मग मुलाला म्हणाली, "चल बाबा, काय न्हाई झालं." घरी आल्यावर तिने मला हात पुढे केला. मीही बोट लावले. थरथर नव्हती.

डॉक्टर म्हणाले, शीर बंद पडली आहे. दुसऱ्या हातात नवी करता येईल; ती तयार व्हायला काही आठवडे लागतील. तोवर मानेतून नळी घालून यंत्रावर घ्यावे लागेल. नळी असताना माळावरून येणे-जाणे नको, साताऱ्यातच राहा. मी सगळे ऐकून घेतले आणि तिथेच होकार दिला. वहिनीने दिला नाही.

मी खोली पाहून, विसार देऊन आलो. माझ्या पुस्तकांना एक गिऱ्हाईक मिळत होते. खोलीचे तेवढ्यात भागले असते. घरी येऊन सगळी व्यवस्था तिला क्रमाने सांगितली. ती ऐकत होती.

"किती दिसांसाटी?"

"नवी शीर तयार होईपर्यंत."

"आन् मग?"

मग पुन्हा माळ, पुन्हा पहाट, पुन्हा कोणाची तरी मोटारसायकल. हे तिला माझ्याइतकेच दिसत होते. मी म्हणालो की साताऱ्यातच राहू, कायमचे. ती म्हणाली की आपल्याला दोघांनाही ते परवडणारे नाही, आणि खोटे बोलणे मला शोभत नाही.

"भावजी, येक विचारू? त्या खालच्या गावच्या पोरी येळेवर पोचत्यात न्हवं?"

"पोचतात."

"मग गाडी वाया न्हाई गेली. झालं तर."

"झाले नाही. दोन्ही व्हायला हवे होते. एकीचे व्हावे म्हणून दुसरीने मरावे, हा हिशोब मला मान्य नाही. कोणीही मान्य करू नये."

"तुमाला कुनी विचारलंय?" ती म्हणाली, आणि कूस बदलली. आवाजात राग नव्हता. ती दमली होती.

मी वाद घालण्यात आयुष्य घालवले. तिच्याशी वाद घालताना मला प्रत्येक वेळी एकाच जागी थांबावे लागते. तिने स्वतःच्या शरीराबद्दल घेतलेला निर्णय तिचाच आहे, हे मी शिकवत आलो. पण निवड करायला निदान दोन रस्ते लागतात, हेही मीच शिकवत आलो. तिच्यापुढे दुसरा रस्ता आम्ही ठेवला नाही. मग तिच्या नकाराला निर्णय म्हणायचे की नाही, हे मला सांगता येत नाही. हा प्रश्न मी परीक्षेत घातला असता तर उत्तराला पूर्ण गुण कोणालाच दिले नसते.

कार्यालयातल्या बाईंना मी पुन्हा निवेदन पाठवले आहे. या वेळी त्यात विचार नाही. तिची अवस्था आहे, चार ओळींत. सुभेदार रोज येऊन ओट्यावर बसतात आणि उठून जातात. वाडीतल्या बायका येतात. वहिनी त्यांच्याशी बोलते, त्यांच्या सुनांची उणी काढते, हसवते. त्या गेल्या की डोळे मिटते.

हे लिहीत आहे तेव्हा ती आतल्या खोलीत उशांना टेकून बसली आहे. शीर बंद पडल्यापासून ती यंत्रावर गेलेली नाही; आडवे झाले की तिला श्वास पुरत नाही. पायांची सूज मांड्यांपर्यंत आली आहे. साताऱ्याची खोली मी अजून सोडलेली नाही. सकाळी मी तिला पुन्हा विचारले. ती नाही म्हणाली. चहा झाला की पुन्हा विचारणार आहे.